दोन माणसांची गाडी

एकतीस वर्षं मी श्वेंडी गावातल्या पशुखाद्याच्या गिरणीत वजनकाट्याच्या खिडकीशी बसते आहे. मक्याने भरलेली गाडी आत येते तेव्हा एक आकडा, रिकामी होऊन बाहेर पडते तेव्हा दुसरा, आणि मधल्या वेळात लोक खिडकीत कोपर टेकून जे काही बोलतात ते फुकट. पंचक्रोशीतली प्रत्येक गाडी माझ्या काट्यावरून गेली आहे. कोणाची कुठल्या कंपनीची, कधी घेतलेली, बायकोला विचारून घेतलेली की न विचारता, हे सगळं मला तोंडपाठ आहे. म्हणूनच व्हर्लिन श्टुसीच्या गाडीच्या बाबतीत मी एवढी फसले याचा मला अजून राग येतो. राग त्याचा नाही, माझा.

व्हर्लिन गाईंची खुरं साळतो. एकोणिसाव्या वर्षी सुरुवात केली, आता सहासष्ट पूर्ण. वडिलांचा गोठा थोरल्या भावाकडे, रोलिनकडे गेला, व्हर्लिनच्या वाट्याला काही आलं नाही, आणि त्याबद्दल तो कधी बोललाही नाही. एका म्हाताऱ्याच्या हाताखाली दोर आणि सुरी घेऊन तो हे काम शिकला. आता त्याच्याकडे ट्रेलरवर बसवलेला लोखंडी खोडा आहे. गाय आत आली की पोटाखालून पट्टे आवळायचे, कळ दाबायची, की खोडा गाईसकट हळूच आडवा होतो आणि चारही पाय हाताशी येतात. वाढलेलं खूर तासायचं, दुखऱ्या नखीला आराम मिळावा म्हणून शेजारच्या चांगल्या नखीखाली लाकडाची ठोकळी चिकटवायची, गाईला परत उभी करायची. दिवसाला चाळीस-पन्नास गाई. आडव्या पडलेल्या गाईशी तो सतत बोलत असतो. "झालं हं बाई, झालं, एवढंच राहिलंय." माणसांशी मात्र एकच शब्द. "बरं."

या "बरं"चे निदान सात-आठ अर्थ होते आणि त्याच्या बायकोला, इलीनला, ते सगळे कळायचे. इलीन माझी शाळेपासूनची मैत्रीण. सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि तेव्हापासून त्या शब्दाचा अर्थ लावणारं कोणी उरलं नाही.

आमच्याकडे गाडीच्या कंपनीवरून घराणी ओळखतात. श्टुसी म्हणजे शेव्हीवाले, ब्लूमर म्हणजे फोर्डवाले. रॅमवालेही आहेत, पण ते बहुतेक बाहेरून येऊन स्थायिक झालेले. आजोबांनी जी घेतली ती बापाने घेतली, बापाने घेतली ती मुलगा घेतो, आणि का म्हणून विचारलं तर चर्च का बदलत नाही असं विचारल्यासारखं तुमच्याकडे बघतो. इलीन ब्लूमरांची. चीजच्या कारखान्यात चार वर्षं राबून तिने स्वतःच्या पैशाने एक लाल फोर्ड पिकअप घेतली होती, आणि लग्न होऊन श्टुसींच्या घरी आली ती त्याच गाडीतून. सासरा अंगणातच उभा होता. म्हणाला, "सूनबाई, ब्लूमरांची गाडी गोठ्यामागे लाव. रस्त्यावरून दिसली तर लोक विचारतील, आमचं कोणी वारलं म्हणून ब्लूमर भेटायला आलेत का." सगळे हसले. इलीनही हसली. तिने व्हर्लिनकडे पाहिलं, तो म्हणाला, "बरं." गाडी गोठ्यामागे गेली ती अकरा वर्षं तिथेच राहिली. इलीनने ती विकली नाही की चालवली नाही. गवत वाढलं, मग गंज चढला. मी त्या घरी गेले की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिकडे बघताना दिसायची, आणि मी विषय बदलायची.

तर गोष्ट गेल्या वसंतातली. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने व्हर्लिनची तेवीस वर्षांची शेव्ही खालून पार खाल्ली होती. पायाखालच्या पत्र्याला भोक पडलं होतं, त्यावर त्याने गाईंच्या ठाणातली रबरी चटई टाकली होती. मार्चमध्ये ट्रेलर जोडतो त्या जागेजवळ सांगाड्यालाच तडा गेला. वेल्डरने खाली वाकून पाहिलं आणि सरळ हात जोडले. नवी गाडी घेण्यावाचून इलाज राहिला नाही.

या गाडीवर आणखी एका माणसाचं सगळं अवलंबून होतं, ते म्हणजे त्याची मुलगी कोरीन. वय तेहतीस, चण इलीनचीच, म्हणजे माझ्याएवढी, उभी राहिली तर गाईच्या पाठीपलीकडे जेमतेम डोकं दिसेल अशी. आठ वर्षं चीजच्या कारखान्यात तपासणीचं काम करत होती. शनिवार-रविवारी बापाबरोबर जाऊन खुरं साळायला शिकली, आणि शिकली ती अशी की गाय गोठ्यातून चालत येतानाच तिच्या पाठीची कमान बघून सांगायची, "मागचा डावा, बाहेरची नखी." फेब्रुवारीत तिने कारखान्याची नोकरी सोडली. बापाला म्हणाली, "मी आता पूर्ण वेळ तुमच्याबरोबर येते." बाप म्हणाला, "बरं."

सात-आठ अर्थांतलं हे "बरं" कुठलं ते तिला कळेना. मलाही कळेना.

एप्रिलच्या सुरुवातीला ती माझ्या खिडकीशी आली. आयोवातल्या एका मोठ्या गोठ्याने तिला बोलावलं होतं. पाच हजार गाई, स्वतःचा खोडा, गाडी त्यांची. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"मग जाणार?" मी विचारलं.

"मला जायचं नाही मावशी. मला त्यांनी एकदा 'रहा' म्हणावं, एवढंच हवंय. दोन महिने झाले, अजून माझ्या हातात किल्ली दिलेली नाही. मी शेजारच्या सीटवर खुरं तासायच्या चकत्यांचा डबा मांडीवर घेऊन बसते, आणि उतरले की फाटक उघडते. पाहुणी आहे की मजूर आहे, तेच समजत नाही."

"त्याला बोलायला जमत नाही गं."

"पन्नास गाईंशी दिवसभर बोलतात की."

मी तिच्यापुढे चीजच्या तुकड्यांची पिशवी सरकवली आणि ती उभ्या उभ्या अर्धी संपवून गेली.

महिना संपत आला तेव्हा एका शनिवारी सकाळी गिरणीच्या मागच्या खोलीत कॉफीच्या टेबलाभोवती बैठक भरली. टेबलावर डोनटचं खोकं, रोलिन त्याच्या नेहमीच्या खुर्चीत, व्हर्लिन भिंतीला टेकून, आणि कोरीन हातात वही घेऊन. ती आठवडाभर दोन्ही विक्रेत्यांकडे जाऊन प्रत्येक गाडीचं दार उघडून बघत होती. दाराच्या चौकटीवर एक पिवळी चिठ्ठी असते. गाडीने पाठीवर किती वजन घ्यावं ते त्यावर लिहिलेलं असतं, माणसं, सामान, सगळं धरून. व्हर्लिनचा ट्रेलर मागे नुसता लटकत नाही, त्याची मान पिकअपच्या पाठीवर टेकते. म्हणजे खोड्याचा बराचसा भार त्या चिठ्ठीतच बसवावा लागतो.

"जाहिरातीत ओढायचा आकडा सांगतात, तो आपल्याला पुरून उरतो," कोरीन म्हणाली. "अडतं ते पाठीवर. आणि जितकं आत चामडं, काच आणि चैन, तितकं पाठीवर कमी. दोन्ही कंपन्यांचं हेच आहे, मी वीस गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहून आणल्यात. आपल्याला साधी हवी, जाड स्प्रिंगांची, एक-टनी म्हणतात त्या भारी वर्गातली."

रोलिन हसला. "पोरी, ट्रक म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे का, चिठ्ठी वाचून घ्यायला?"

"काका, तुम्ही वळू घेताना कागद वाचता की नाही? आईचं दूध किती, आजीचं दूध किती?"

"वळूची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

"वळू फोर्डचा निघत नाही."

टेबल हसलं. कोरीन हसली नाही. तिने वहीचं पान उलटलं. "साधी एक-टनी शेव्ही मागवावी लागेल, सप्टेंबर उजाडेल. फोर्डवाल्याच्या दारात आज एक उभी आहे. पांढरी, रबरी तळ, सीट कापडी. रस्ते खात्याचे लोक वापरतात तशी. आपल्या कामाला चोख."

रोलिनने कप खाली ठेवला. "व्हर्लिन, तू फोर्ड घेतलीस तर नाताळला जेवायला येताना ती रस्त्यावर लावायची आणि अंगण चालत यायचं. आधीच सांगून ठेवतो."

कोरीन बापाकडे बघत होती. मीही बघत होते. व्हर्लिनने डोनटचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, बोटं पँटला पुसली आणि म्हणाला, "बरं."

मंगळवारी तो एकटाच माझ्या खिडकीशी आला. गाडी तोलायची नव्हती. टोपी काढून हातात धरली होती, आणि ती टोपी चर्च सोडून कुठेही त्याच्या डोक्यावरून उतरलेली मी कधी पाहिली नव्हती.

"मार्डेल, दुपारी मोकळी आहेस?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न त्याने मला विचारला नव्हता. "आहे की," मी म्हणाले.

"गाडी बघायला येतेस?"

आता खरं ते सांगते. माझा नवरा जाऊन सोळा वर्षं झाली. व्हर्लिन चांगला माणूस आहे, हात स्वच्छ ठेवतो, गाईंशी प्रेमाने बोलतो. दुपारच्या सुट्टीत मी घरी जाऊन केस धुतले आणि निळा स्वेटर घातला. कोणाला हसायचं असेल तर हसा.

तो मला शेव्हीच्या विक्रेत्याकडे घेऊन गेला. आत एक गडद हिरवी गाडी उभी होती, दार उघडताच कातड्याचा वास आला. पांढरी साधी वगैरे काही नाही, चांगली थाटाची. "बस," व्हर्लिन म्हणाला आणि चालकाच्या जागेकडे बोट केलं. मी पायरीवर चढून बसले.

"पाय पोचतात?"

"नाही."

विक्रेत्या पोराने काहीतरी दाबलं, सीट पुढे आली.

"आता?"

"पोचतात."

"आरशात मागचं दिसतं?"

"थोडा खाली कर. हां. दिसतं."

"पाठ नीट टेकते?"

इतके प्रश्न मला लग्नात पाद्रीनेही विचारले नव्हते. व्हर्लिनने माझ्या गुडघ्याजवळ दारावर काहीतरी दाबून धरलं, एक बारीक आवाज झाला, त्याने मान हलवली. मग मला उतरवून तो स्वतः बसला, सीट मागे घेतली, पुन्हा तसंच काहीतरी दाबलं. "बरं," म्हणाला. परतताना वाटेत थांबून त्याने मला आइस्क्रीमसारख्या गार कस्टर्डचा कोन घेऊन दिला. तो कोन खाताना मी मनात काय काय मांडे खाल्ले ते इथे लिहीत नाही.

गुरुवारी कळलं की त्याने ती हिरवी गाडी घेतली. मुलीला न सांगता. रोलिनने गिरणीत स्वतःच्या खर्चाने डोनट वाटले.

शुक्रवारी सकाळी ती गाडी माझ्या काट्यावर आली. नव्या गाडीच्या पाठीवर जोडणीचा गोळा बसवून झाला होता, मागे खोड्याचा ट्रेलर होता. पहिल्या कामाला जाण्याआधी तोलून घ्यायचंच, असा कोरीनने हट्ट धरला होता. तोच महिन्याचा शेवटचा शुक्रवार, आयोवाला कळवायचा दिवस. व्हर्लिन स्टिअरिंगच्या चाकाशी, कोरीन शेजारी, मांडीवर चकत्यांचा डबा. ती माझ्याकडे न बघता समोर बघत होती. मागच्या खोलीच्या खिडकीत रोलिन कप घेऊन उभा होता.

मी त्यांना असं थांबवलं की गाडी काट्यावर आणि ट्रेलरची चाकं काट्याबाहेर. म्हणजे मानेचा जेवढा भार गाडीवर येतो तेवढाच आकड्यात धरला जातो. गाडीचं स्वतःचं वजन धरून तिची कागदावरची मर्यादा दहा हजार पौंड होती. माझ्यापुढे आकडा उमटला, दहा हजार एकशे वीस.

मी ध्वनिक्षेपकावर आकडा वाचला. माझं काम तेच आहे.

कोरीनने दार उघडलं. चकत्यांचा डबा सीटवर ठेवला आणि खाली उतरून काट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. "आता वाच मावशी."

मला वाचायचं नव्हतं. "नऊ हजार नऊशे नव्वद."

"ऐकलंत बाबा?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी उतरले की बरोबर बसतं. मी वीस चिठ्ठ्या लिहून आणल्या होत्या. तुम्ही एका माणसाची गाडी घेतलीत. एवढं तोंडाने सांगितलं असतंत तर चाललं असतं. मी आत जाऊन फोन करते."

ती वळली. मला काट्याची खिडकी फोडून त्या माणसाचा कान धरावासा वाटला. आणि मग व्हर्लिन खाली उतरला. घाईत उतरला, पायरीवर घसरला, टोपी पडली, ती उचललीही नाही.

"कोरीन. बस आधी."

"कुठे?"

"चाकाशी. बस तर खरी."

"कशाला? तोलून झालंय."

"बस गं."

गाईला म्हणतो त्या आवाजात म्हणाला. ती परत आली, वर चढून बसली. सीट त्याच्या मापाची होती, सहा फूट माणसाची, तिचे पाय अधांतरी लोंबले. ती आणखीच चिडलेली दिसली.

"दारावर बघ. बटणं आहेत. एक नंबरचं दाब."

तिने दाबलं. माझी खिडकी उघडी होती, बारीक घरघर मला ऐकू आली. सीट पुढे सरकली, वर उचलली गेली, थांबली. बाजूचे आरसे आपोआप खाली वळले. कोरीनचे पाय ब्रेकवर नेमके टेकले. ती तशीच बसून राहिली, हात चाकावर.

"हे माप कोणाचं?" तिने विचारलं.

"मार्डेलला नेलं होतं. तुझ्याएवढीच आहे ती." व्हर्लिनने उघड्या दाराला धरलं होतं. "एक तू. दोन मी. तो विकणारा पोरगा म्हणाला, दोन माणसं चालवणार असतील तर ही घ्या, साधीला बटणं नसतात. मला वाटलं, तू बसलीस की कळेलच. मग मला काही बोलावं लागणार नाही."

सहासष्ट वर्षांत तो एका दमात इतकं बोलला नसेल. मला आधी स्वतःचं हसू आलं, माझ्या धुतलेल्या केसांचं आणि निळ्या स्वेटरचं, आणि थोडं दुखलंही, उगाच नाही कशाला म्हणू. मग कोरीनचा चेहरा पाहिला आणि माझं दुखणं मागे पडलं. ती चाकावर कपाळ टेकून रडत होती. व्हर्लिन तिच्या पाठीवर थोपटत होता, गाय उठायच्या आधी तिच्या मानेवर थोपटतो तसा. "झालं हं. झालं."

काट्यामागे मक्याच्या दोन गाड्या येऊन थांबल्या. त्यांनी भोंगा वाजवला. मी ध्वनिक्षेपकावर त्यांना सांगितलं की गुमान उभे रहा.

थोड्या वेळाने कोरीनने बाहीने नाक पुसलं. "पण बाबा, वजन जास्तच आहे."

"हो."

"माझं बटण आहे, पण मी बसले की गाडी मर्यादेबाहेर जाते."

"चिठ्ठी वाचायला हवी होती." तो टोपी उचलायला खाली वाकला आणि तिथूनच, वर न बघता म्हणाला, "विचारायलाही हवं होतं. तुझ्या आईच्या गाडीच्या वेळीही मी विचारलं नाही. ती बोलली नाही, म्हणून मला वाटलं चालतंय."

त्या लाल गाडीबद्दल त्याच्या तोंडून मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते. इलीनने हे ऐकायला हवं होतं, असं मला त्या क्षणी फार वाटलं, आणि आजही वाटतं.

"पांढरी अजून आहे का तिथे?" व्हर्लिनने विचारलं.

"काल संध्याकाळी होती. मी जाऊन पाहिली."

"मग तीच. तू ठरवलंस ते बरोबर होतं." त्याने मागच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. रोलिन अजून तिथेच उभा होता, कप तोंडाजवळ नेलेला तसाच. "काकाला तू सांग. मी आज पुष्कळ बोललोय."

कोरीन रडता रडता हसली. आयोवाला तिने माझ्याच खिडकीतून फोन केला आणि दोन वाक्यांत नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशीच्या गाई त्यांनी तीन दिवस पुढे ढकलल्या. हिरवी गाडी परत देताना नुकसान झालं असणार, किती ते मी विचारलं नाही आणि व्हर्लिनने सांगितलं नाही. सोमवारी पांढरी फोर्ड त्याच काट्यावर आली, तोच ट्रेलर, दोघं आत, डबा मांडीवर. आकडा मर्यादेच्या इतका आत होता की तिसरा माणूसही बसला असता. मी तो मोठ्याने वाचला, दोनदा. चाकाशी कोरीन होती.

रोलिन सात आठवडे भावाशी बोलला नाही. मग जूनमध्ये त्याच्या गोठ्यात एकदम नऊ गाई लंगडायला लागल्या. त्याने फोन मला केला, भावाला नाही. "त्या दोघांना सांग, सवड असेल तर येऊन जा म्हणावं." कोरीनने जाऊन गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि बापाला घेऊन अंगणातून चालत गोठ्यात गेली. "काका, सांगितल्याप्रमाणे गाडी रस्त्यावर आहे. गाई तिकडे घेऊन येताय?" रोलिनने पाच मिनिटं तिच्याकडे पाहिलं म्हणतात. मग स्वतः रस्त्यावर गेला, कोरीनला चाकाशी बसायला सांगितलं आणि दोन्ही हातांनी खुणा करत ती फोर्ड मागे मागे घेत गोठ्याच्या दारापर्यंत आणली. जाता येता सगळ्या गावाने पाहिलं.

आता दोघं आठवड्यातून दोनदा माझ्या काट्यावरून जातात. लांबचा पल्ला असला की आधी कोरीन चालवते, परतताना व्हर्लिन. त्या गाडीला बटणं नाहीत. सीटखाली एक लोखंडी दांडा आहे, तो वर ओढून सीट हाताने मागे-पुढे सरकवावी लागते, आणि तो दांडा जरा घट्टच आहे. मी खिडकीतून बघते. व्हर्लिन माझ्याकडे पावती घ्यायला उतरतो तेव्हा लगेच दार लावत नाही. पाठ दुखत असली तरी वाकतो, आत हात घालतो, दांडा ओढतो, सीट पुढे सरकवून बसवतो, हलवून बघतो, मग दार लावतो. कोरीनला परत चाकाशी बसायचं असो वा नसो, तो दर वेळी हे करतो.

सीट येऊन थांबते ती कोरीनच्या मापावर. माझंही माप तेच आहे, पण ते असो.